पेट्रोलचा वास येतोय? मग पीयूसीवर विसंबू नका

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद इथे पेट्रोलची गाडी बाळगणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती आहे, आणि उन्हं तापायच्या आत ती मनावर घ्यावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीजवळ सकाळी पेट्रोलचा वास येत असेल तर "कालच भरलंय, येणारच" असं म्हणून पुढे जाऊ नका. पंपावर सांडलेल्या दोन थेंबांचा वास उन्हात तासाभरात उडून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तो येत असेल तर कुठून तरी वाफ सुटते आहे. आणि ती पकडणारं यंत्र तुमच्या रोजच्या वाटेवर कुठेही बसवलेलं नाही.

पीयूसी केंद्रावरचा मुलगा सळई घालतो ती सायलेन्सरच्या तोंडात. इंजिन चालू असताना जळून बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड किती, न जळलेले हायड्रोकार्बन किती, एवढंच ते यंत्र मोजतं. टाकीतून, झाकणातून, तडकलेल्या नळीतून सुटणारी वाफ सायलेन्सरकडे जातच नाही. त्यामुळे टाकी दिवसरात्र वाफाळत असली तरी बीएस-४ किंवा बीएस-६ गाडीला वर्षभराचं प्रमाणपत्र बिनदिक्कत मिळतं. पीयूसी काढाच, नसेल तर दहा हजारांपर्यंतचा दंड आहे. पण तो कागद टाकीबद्दल काहीही सांगत नाही.

दुसरा भरवसा आपण डॅशबोर्डवरच्या पिवळ्या इंजिनाच्या दिव्यावर टाकतो. इथे यूट्यूबने बराच घोळ घातला आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही स्वतःची स्वतः शोधून दिवा लावावा लागतो. त्यासाठी त्यांच्या टाकीत दाब मोजणारा सेन्सर असतो, व्यवस्था बंद करून ती दाब धरते का हे तपासणाऱ्या झडपा असतात. म्हणून तिथला प्रत्येक व्हिडिओ "आधी पेट्रोलचं झाकण घट्ट करा" इथून सुरू होतो. आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत. त्यांची किमान मागणी इतकीच, की वाफ सोडणाऱ्या झडपेची विजेची तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर गाडीला कळावं. नळीला बोटभर भोक पडलं तरी आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा दिवा शांत राहतो. दिवा नाही म्हणजे दोष नाही, हे समीकरण इथे चालत नाही. आपल्याकडे उरतं ते नाक.

आता ही व्यवस्था काय आहे ते थोडक्यात. पेट्रोल उघड्यावर ठेवलं तर उडून जातं, टाकीतही त्याची सतत वाफ होत असते. पूर्वी ही वाफ सरळ हवेत सोडून देत. ती अडवण्याची सक्ती आधी १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने आणि लगोलग साऱ्या अमेरिकेने केली. तेव्हा निघालेला उपाय आजही तोच आहे: टाकीच्या वरच्या भागातून एक नळी निघते आणि सक्रिय कोळशाने भरलेल्या डब्यात जाते. मेकॅनिक त्याला कॅनिस्टर म्हणतात. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. वाफ तिथे चिकटून राहते. इंजिन गरम होऊन गाडी धावू लागली की गाडीचा संगणक पर्ज व्हॉल्व्ह नावाची छोटी विजेवरची झडप थोडी थोडी उघडतो. इंजिनाच्या ओढीने डब्यातून ताजी हवा खेचली जाते, ती कोळशातली वाफ घेऊन इंजिनात जाते आणि जळून जाते. म्हणजे वाया जाणारं पेट्रोल कामी येतं. डब्याला दुसरीकडे हवेसाठी एक उघडं तोंड असतं, त्याला व्हेंट म्हणतात. टाकी, झाकण, नळ्या, डबा, पर्ज व्हॉल्व्ह, व्हेंट. एवढाच संसार. डिझेल सहसा उडत नाही, म्हणून डिझेल गाडीत हे काहीच नसतं.

ही व्यवस्था नीट आहे का, याची खरी परीक्षा गाडी बाजारात येण्याआधी एकदाच होते. पुण्याला वेताळ टेकडीवरच्या एआरएआय किंवा आपल्या जवळच मानेसरच्या आयकॅट या वाहन-चाचणी संस्थांमध्ये अशा चाचण्या होतात. गाडी हवाबंद खोलीत ठेवतात. आधी चालवून तापवलेली तासभर, मग तापमान २० अंशांवरून ३५ पर्यंत चढवत-उतरवत पूर्ण दिवस. त्या सगळ्या वेळात सुटलेली वाफ दोन ग्रॅमच्या आत राहिली पाहिजे. दोन ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धा चमचा पेट्रोल.

आता दिल्लीचा मे महिना आठवा. चाचणीची खोली जिथे थांबते तो ३५ चा आकडा इथे सकाळी दहाच्या सुमारास मागे पडतो. २९ मे २०२४ ला सफदरजंगला पारा ४६.८ वर गेला होता. उघड्या पार्किंगमध्ये वरून ऊन आणि खालून तापलेलं डांबर, यात टाकीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. गाडी नवी आणि निरोगी असली तरी इथे तिच्यावर परीक्षेपेक्षा जास्त भार पडतो. त्यात झाकणाचं रबर सुकलेलं असेल किंवा कोळसा भिजलेला असेल तर ती दोन ग्रॅमची मर्यादा कागदावरच राहते.

आणि ही वाफ हवेत गेली की विरून जाते असं नाही. नोव्हेंबरच्या धुराबद्दल सगळे बोलतात, पण दिल्लीच्या उन्हाळ्याचं स्वतःचं विष आहे, ते म्हणजे जमिनीलगतचा ओझोन. तो कुठल्याही नळीतून बाहेर पडत नाही. वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोलसारख्यांची वाफ कडक उन्हात एकत्र आली की तो हवेतच तयार होतो. देशाच्या मानकात आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि दिल्लीच्या मोजणी केंद्रांवर उन्हाळ्यात ती ओलांडलेली वारंवार दिसते. दम्याच्या माणसाला दुपारी छातीत जखडल्यासारखं होतं त्यात याचाही वाटा असतो. शिवाय पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझीन असू शकतं आणि बेंझीनने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये वीस गाड्यांपैकी तीन वाफाळत असतील तर तिथे सायकल काढायला येणारं पोरही तीच हवा घेतं. १ एप्रिल २०१८ पासून दिल्लीला बीएस-६ इंधन मिळतं, उरलेल्या देशाच्या आधी दोन वर्षं. त्याने गंधक कमी झालं. उडण्याचा गुण पेट्रोलचाच आहे, तो तसाच राहिला.

यातलं बरंचसं नुकसान आपण पंपावर स्वतःच्या हाताने करून घेतो, आणि माझी सगळ्यात आग्रहाची विनंती तिथलीच आहे.

नोझल एकदा 'खट' करून थांबलं की थांबा. पंपावरचा मुलगा विचारेल, "राउंड फिगर कर दूँ, सर?" नाही म्हणा. १,९६२ रुपयांचे २,००० करायला तो नोझल किंचित वर ओढून धार सोडतो, पुन्हा 'खट', पुन्हा धार. टाकीच्या वरच्या भागात जी जागा रिकामी सोडलेली असते ती कंपनीची चूक नसते, ती पेट्रोलला फुगायला ठेवलेली असते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेलं पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापलं तर ३५ लिटरमागे अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. जागा नसेल तर ते वाफेच्या नळीने थेट कोळशाच्या डब्यात उतरतं. कोळसा वाफेसाठी असतो, द्रवासाठी नसतो. एकदा पुरता भिजला की त्याची धरून ठेवायची ताकद जाते. दाणे फुटतात, त्यांची काळी भुकटी नळीतून पुढे जाऊन पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि मग झडप धड उघडतही नाही, मिटतही नाही. अडतीस रुपयांच्या हिशेबाच्या सोयीपायी दोन सुटे भाग जातात. "टंकी फुल" म्हणायला हरकत नाही, पण लगेच "ऑटो कट पे बंद" असंही म्हणा. यूपीआयच्या काळात राउंड फिगरची गरज कुणाला आहे, हे मला कळलेलं नाही.

मसुरीला, नैनितालला निघताना तर गळ्यापर्यंत मुळीच भरू नका. दोन हजार मीटरवर हवेचा दाब कमी होतो आणि पेट्रोलची वाफ अधिक जोमाने होते.

पंपावर आणखी एक गोष्ट बघा. दिल्ली परिसरातल्या बऱ्याच पंपांवर नोझलच्या नळीत दुहेरी मार्ग असतो: एकातून पेट्रोल येतं, दुसऱ्यातून तुमच्या टाकीतली वाफ परत खेचली जाते. अमेरिकेतल्या गाड्या भरतानाची वाफही स्वतःच्या डब्यात धरतात, आपल्याकडे ती सक्ती नाही, म्हणून पंपावरची ही सोय चालू असणं महत्त्वाचं. नोझलभोवतालचं रबर फाटलेलं दिसलं किंवा भरताना वाफेचा लोट डोळ्यांना दिसत असेल, तर तक्रारवही मागून लिहा. वही ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

आता बिघाडाकडे. सगळ्यात जास्त फसवणारा भाग पर्ज व्हॉल्व्ह, म्हणून त्याच्यावर थोडं जास्त बोलतो.

ही झडप उघडी अडकली की लक्षणं अशी दिसतात की मेकॅनिक भलतीकडेच बघतो. पेट्रोल भरून पंपावरून निघताना गाडी पटकन सुरू होत नाही, सेल्फ मारत राहावा लागतो, ॲक्सिलरेटर दाबला तर कशीबशी उठते. कारण भरताना टाकीतून रेटलेली वाफ उघड्या झडपेतून इंजिनात शिरलेली असते आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण नको तितकं गडद झालेलं असतं. एरवी सिग्नलला गाडी थरथरते, आयडलिंग वरखाली होतं, मायलेज उतरतं. स्कॅनर लावला तर 'मिश्रण पातळ' किंवा 'मिश्रण गडद' असे कोड दिसतात, पी ०१७१, पी ०१७२. मग इंजेक्टर साफ होतात, ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, प्लग बदलले जातात, आणि पुढच्या वेळी पेट्रोल भरलं की पुन्हा तेच. फक्त पेट्रोल भरल्यावरच सुरू व्हायला त्रास देणारी गाडी असेल तर मेकॅनिकला पहिलं वाक्य हेच सांगा: "भैया, पहले पर्ज व्हॉल्व्ह देख लो."

घरी तपासायचं तर असं. गाडी गार असताना बॉनेट उघडा. इनटेकजवळ बोटाएवढी छोटी वस्तू दिसेल, तिला दोन नळ्या आणि एक विजेचा कनेक्टर. गाडीच्या पुस्तिकेत किंवा बॉनेटखालच्या चिकटवलेल्या आकृतीत ती सापडते. इंजिन सुरू करा, ओढणी-बाह्या-केस पंख्यापासून लांब ठेवा, आणि डब्याकडून येणारी नळी झडपेवरून काढून झडपेच्या तोंडावर बोट ठेवा. गार इंजिनात झडप सहसा मिटलेली असते, तिथे ओढ लागायला नको. बोट सतत खेचलं जात असेल तर झडप गळते आहे. इंजिन चांगलं तापलं आणि थोडी रेस दिली की टिक-टिक आवाजासह ओढ येते-जाते, तेव्हा ती काम करते आहे असं समजा. काढून हातात घेतलेल्या झडपेला वीज नसताना हवा आरपार जायला नको आणि बॅटरीचे बारा व्होल्ट दिले की 'टक' करून जायला हवी. हे बारा व्होल्ट गाडीपासून आणि पेट्रोलच्या वासापासून दूर द्या, ठिणगी उडते. मल्टिमीटर असेल तर तिचा रोध बहुतेक गाड्यांत २० ते ४० ओहमच्या आत येतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. आणि कृपा करून तोंडाने फुंकू किंवा ओढू नका. जुने मिस्त्री करतात, त्यांच्या फुप्फुसांना विचारून करत नाहीत. रबरी बल्ब किंवा हातपंप वापरा.

ब्लूटूथचा छोटा स्कॅनर ज्यांच्याकडे आहे त्यांना आणखी एक सोपी खूण मिळते. इंजिन आयडलवर ठेवून फ्युएल ट्रिमचे, म्हणजे गाडीचा संगणक मिश्रणात करत असलेल्या दुरुस्तीचे, आकडे बघा, मग पर्जची नळी चिमटीत दाबून बंद करा. विस्कटलेले आकडे शून्याच्या जवळ सरकले तर चोर सापडला. स्कॅनरवर पी ०४४३ च्या आसपासचे कोड दिसत असतील तर गोष्ट विजेची आहे: तार, कनेक्टर किंवा झडपेची कॉइल. अशा वेळी कोळशाचा डबा बदलायला निघालेल्या माणसाला थांबवा.

झडप बंद अडकली तर उलटं होतं. गाडी छान चालते, तक्रार काहीच नसते. फक्त डबा कधी रिकामा होत नाही, आणि मग उभ्या गाडीतून वास येऊ लागतो. झाकण उघडताना जोराचा 'फुस्स' येतो. उन्हात थोडा दाब सुटणं स्वाभाविक आहे. मात्र दर वेळी जोरात हवा बाहेर आली, किंवा उलट आत खेचली गेली आणि झाकण ओढून काढावं लागलं, तर व्हेंट तुंबलाय का ते बघायला हवं. व्हेंट बंद आणि पर्ज उघडा असेल तर इंजिन टाकीतली हवा खेचत राहतं आणि प्लास्टिकची टाकीसुद्धा फ्रुटीच्या डब्यासारखी आत बसते. बिचारा पेट्रोल पंप त्या ओढीविरुद्ध झगडत लवकर मरतो.

व्हेंट तुंबायला दिल्लीत कारणांची वाण नाही. मे-जूनच्या आंधीची बारीक धूळ, कुंभारमाशीचं मातीचं घर, मिंटो ब्रिजसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना आत गेलेला गाळ. परदेशातही हे घडतं: २०११ मध्ये माझदाने अमेरिकेतल्या हजारो गाड्या परत बोलावल्या, कारण एका जातीचा कोळी याच व्हेंटच्या नळीत जाळं विणत होता. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा डबा भिजला असेल तर तो वाळवून परत घालायच्या भानगडीत पडू नका.

मग उंदीर. पार्किंगमधल्या गाडीत थंडीत ते ऊब शोधत येतात आणि रबराच्या नळ्या कुरतडतात. बॉनेटखालची पातळ नळी कुठे चावलेली, कुठे क्लिपवरून निसटलेली, कुठे वाकून दबलेली नाही ना, हे टॉर्च घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी बघा. २०२३ पूर्वीच्या गाड्यांना हे जास्त लागू, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, आणि नळीच्या भिंतीतून पाझरण्यातही ते पटाईत आहे. नळी बदलताना इंधनासाठीचीच घ्या. पाण्याची पारदर्शक नळी किंवा वायपरची नळी महिन्यात कडक होऊन तडकते.

झाकण ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. रबराची रिंग सुकून भेगाळली असेल तर नवीन झाकण काही शेकड्यांत येतं. कश्मीरी गेटला सगळं मिळतं, हुबेहूब दिसणारं नकलीही मिळतं. मूळ झाकणाच्या आत एक छोटी झडप असते जी टाकीत ओढ वाढली की हवा आत घेते, नकलीत ती नुसती रंगवलेली असू शकते. भाग क्रमांक जुळवून घ्या. कोळशाचा डबा मायापुरीच्या भंगारातून मात्र आणू नका. कुणाच्या टाकीने तो किती भिजवला होता हे वरून दिसत नाही.

वास गाडीच्या आत, मागच्या सीटजवळ येत असेल तर तो बहुधा या व्यवस्थेचा दोष नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत सीटखाली टाकीतल्या पंपाचं झाकण असतं. पंप बदलताना त्याचं सील तिरपं बसलं की वास थेट मुलांच्या नाकाशी येतो. आणि थेंब पडताना दिसत असतील तर पुढचं काही वाचू नका. गाडी सुरू न करता, बॅटरीला हात न लावता, मोकळ्यात ढकला आणि टो करून न्या.

सीएनजीवाल्यांसाठी दोन गोष्टी. गाडी दिवसेंदिवस सीएनजीवर पळते तेव्हा टाकीतलं पेट्रोल महिनोनमहिने पडून राहतं, त्याची वाफ मात्र सुट्टी घेत नाही. आणि किट बाहेरून बसवलं असेल तर बसवणाऱ्याने इनटेकच्या नळ्या कापून त्यात टी जोडलेले असतात. पर्जची नळी त्या गोंधळात नीट परत लावली आहे का, हे बघून घ्या.

मे महिन्यात पुण्याला किंवा कोकणात जाणाऱ्यांची गाडी महिनाभर उभी राहते. डबा रिकामा होतो तो गाडी धावली तरच. त्यामुळे टाकी नेहमीसारखी, ऑटो कटपर्यंत भरून, सावलीत ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत वाफेला जागा जास्त मिळते. शेजाऱ्यांकडे किल्ली दिलीत तर "पाच मिनिटं सुरू करून ठेवा" असं सांगू नका, त्याने काहीही साधत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणायला सांगा. रोज फक्त मेट्रो स्टेशनपर्यंत गाडी नेणाऱ्यांनाही हाच सल्ला, रविवारी एकदा तिला यमुना एक्स्प्रेसवे दाखवा.

एवढं करूनही गळती सापडली नाही तर स्मोक टेस्ट मागा. त्यात व्यवस्थेत अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येईल तिथे भोक. हे यंत्र प्रत्येक गॅरेजमध्ये नसतं, आधी फोनवर विचारा. टायरच्या कंप्रेसरची हवा टाकीत सोडून गळती शोधतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. तो दाब टाकीच्या सोसण्यापलीकडचा असतो, आणि पेट्रोलच्या वाफेत हवा कोंबणं म्हणजे ठिणगीला आमंत्रण. हेही ध्यानात असू द्या की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते, तळघरात खोलगट जागी साचते. या कामाच्या वेळी तळघरात नाही, उघड्यावर उभे राहा, सिगरेट-बिडी तर नाहीच. टाकीच्या तड्याला एम-सील लावून वेळ मारून नेणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

नवी गाडी असेल तर खिशाला हात घालण्याआधी वॉरंटी पुस्तिका काढा. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत उत्सर्जनाशी संबंधित भागांच्या वॉरंटीचं वेगळं पान असतं, आपण ते कधी उघडत नाही. कॅनिस्टर, झाकण, पर्ज व्हॉल्व्ह यांची नावं त्यात आहेत का, आणि अटी काय आहेत, हे वाचून सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ते पान समोर ठेवा. "वास येणं नॉर्मल आहे" असं उत्तर मिळालं तर ते जॉब कार्डवर लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा गाडी पुन्हा लिफ्टवर चढते.

पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीचं दिल्लीत काय होणार, यावर गेली काही वर्षं न्यायालयांत आणि सरकारात ओढाताण चालू आहे. त्या निकालाची वाट पाहत जुनी गाडी "आता कशाला खर्च" म्हणून वाफाळत ठेवू नका. जितकी वर्षं ती चालेल तितकी वर्षं तिच्या शेजारी तुम्हीच झोपणार आहात, तुमची खिडकी पार्किंगच्याच बाजूला आहे.

दुरुस्ती झाली की बिलावर भाग क्रमांक लिहून घ्या आणि बदललेला जुना भाग परत मागा. पर्ज व्हॉल्व्ह असेल तर तो हलवून, पालथा करून बघा. आतून काळी भुकटी पडली तर नुसती झडप बदलून भागणार नाही. डबाही फुटलेला आहे, तो बदलेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नका. आणि झालेल्या कामाची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी करा, इंजिन सुरू करण्याआधी, मागच्या चाकाजवळ वाकून.